लेपर्ड गेकोचे पाय वाकले आहेत आणि जबडा मऊ लागतो: हा कॅल्शियमचा अभाव असेल का?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे साधारण आठ महिन्यांची लेपर्ड गेको (पाळीव पालीचा एक प्रकार) मादी आहे. गेल्या काही आठवड्यांत तिच्या चालण्यात स्पष्ट फरक पडला आहे. पूर्वी ती पोट जमिनीपासून उचलून चालत असे. आता पोट टेकवून, कोपरे बाहेर फेकत सरकते. पुढचे दोन्ही पाय कोपराखाली किंचित बाकदार दिसतात. हातात घेतले की मागच्या पायांची बोटे बारीक थरथरतात आणि खाली ठेवल्यावर थोड्या वेळाने शांत होतात. काल अळी पकडताना तिचा नेम दोनदा चुकला. अखेर अळी तोंडात आली, पण तिला ती दाबून धरता आली नाही आणि अळी जबड्याच्या कडेने वळवळत निसटून गेली. हनुवटीखाली हलकेच बोट लावले तेव्हा खालचा जबडा दबल्यासारखा वाटला.

तिचा आहार मुख्यतः मीलवर्म या अळ्यांचा असून अधूनमधून रातकिडे देतो. आठवड्यातून दोनदा अळ्यांच्या वाटीत डी-३ (ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असलेली कॅल्शियम पावडर भुरभुरतो. याशिवाय टेरेरियमच्या (तिच्या काचेच्या घराच्या) कोपऱ्यात त्याच पावडरीची एक लहान वाटी कायम असते, आणि तिला ती चाटताना मी पाहिलेही आहे. एका बाजूला तळाखाली हीट मॅट आहे, थर्मोस्टॅट नाही. यूव्हीबी (अतिनील किरण देणारा) दिवा लावलेला नाही, कारण हा प्राणी निशाचर असल्याने त्याला त्याची गरज नसते असेच बहुतेक ठिकाणी वाचायला मिळाले. शिवाय टेरेरियम खिडकीजवळ असल्याने सकाळचे ऊन काचेतून आत येते.

पावडर समोर असताना आणि ती चाटली जात असतानाही कॅल्शियम कमी पडू शकते का? पशुवैद्यकाची भेट मिळेपर्यंत माणसांची कॅल्शियमची गोळी कुटून दिली तर चालेल का? आणि वाकलेले पाय पुन्हा सरळ होतात का?

पहिले उत्तर

तुम्ही सांगितलेली लक्षणे एकत्र पाहिली तर पहिला संशय चयापचयाशी निगडित अस्थिविकाराकडे जातो, ज्याला गेको पाळणारे सर्रास एमबीडी (मेटाबॉलिक बोन डिसीज) म्हणतात. निदान पशुवैद्यकाने एक्स-रे पाहूनच करायचे आहे. पण मऊ जबडा, चुकणारा नेम आणि बोटांची थरथर ही तिन्ही एकाच वेळी दिसत असतील तर आजार सुरुवातीच्या टप्प्यात नाही, असे मला वाटते. त्यामुळे ‘आणखी थोडे दिवस पाहू’ हा पर्याय तुमच्यापुढे नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक शोधा आणि लवकरात लवकरची वेळ घ्या.

तोपर्यंत टेरेरियममधले दगड, फांद्या आणि उंच लपणी काढून टाका, तळाला साधा टिश्यू पेपर अंथरा आणि पाण्याचे भांडे उथळ ठेवा. उचलावेच लागले तर संपूर्ण शरीराखाली तळहात सरकवून उचला. या अवस्थेत मांडीचे हाड एवढ्यातेवढ्या दाबानेही मोडते, आणि पाठीच्या मणक्याला इजा झाली तर मागचे पाय कायमचे निकामी होण्याचा धोका असतो. जबडा पुन्हा दाबून पाहू नका.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वाटीतली पावडर, पोटात गेलेली पावडर आणि हाडात पोचलेले कॅल्शियम या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक आजारी गेकोंच्या बाबतीत गाडी या टप्प्यांच्या मधेच कुठेतरी अडलेली असते.

स्नायू आकुंचन पावण्यासाठी आणि नसांमधून संदेश जाण्यासाठी रक्तातले कॅल्शियम एका ठरावीक मर्यादेत राहावेच लागते. आतड्यातून पुरेसे कॅल्शियम शोषले गेले नाही की पॅराथायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक अधिक प्रमाणात सोडतात आणि ते संप्रेरक हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तातली तूट भरून काढते. हे महिनोन्‌महिने चालले की हाडे पातळ होतात. रिकाम्या होत गेलेल्या हाडांत आणि त्यांच्याभोवती तंतुमय ऊतक साचते, त्यामुळे काही गेकोंच्या मांड्या आणि जबडा चक्क भरदार दिसू लागतात आणि पाळणाऱ्याला प्राणी बाळसे धरतो आहे असे वाटते. याच कारणाने केवळ रक्तातल्या एकूण कॅल्शियमचा आकडा पाहून निर्धास्त होता येत नाही. हाडे पोखरली जात असतानाही तो आकडा बराच काळ नेहमीसारखाच येतो. थरथर आणि आचके दिसतात ते हाडांतून होणारी ही उचलही अपुरी पडू लागल्यावर.

दुसरी बाजू फॉस्फरसची आहे. कीटकांना आपल्यासारखा हाडांचा सांगाडा नसतो आणि त्यांच्या कवचात कॅल्शियम फारसे नसते. फॉस्फरस मात्र भरपूर असतो. रातकिड्यांमध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो आणि मीलवर्मची गत त्याहून बरी नाही. गेकोच्या आहारात हे प्रमाण उलटे, म्हणजे एक भाग फॉस्फरसमागे दीड ते दोन भाग कॅल्शियम असे असायला हवे. नेहमीच्या खाद्यकीटकांपैकी ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या तेवढ्या याला अपवाद आहेत, कारण त्या स्वतःच्या कवचात कॅल्शियम साठवतात. बाकी सर्वांना वरून पावडर लावणे अपरिहार्य आहे, आणि ती फॉस्फरसविरहित कॅल्शियम कार्बोनेटची हवी. आठ महिन्यांच्या, अजून वाढणाऱ्या प्राण्यासाठी आठवड्यातून दोनदा हे प्रमाण कमी पडते. तिच्या वयात प्रत्येक जेवणाला साधी, म्हणजे डी-३ नसलेली, पावडर लावली पाहिजे.

पावडर लावण्याच्या पद्धतीतही पुष्कळ काही वाया जाते. मीलवर्मचे अंग गुळगुळीत असते. वाटीत त्या एकमेकींवर सरपटल्या की थोड्याच वेळात निम्मी पावडर तळाशी जमते. रातकिडे तर पाय आणि मिश्या घासून स्वतःला स्वच्छच करून घेतात. म्हणून पिशवीत दोन चिमटी पावडर घालून त्यात कीटक हलवावेत आणि लगेच, एकेक करून, आपल्यासमोर खाऊ घालावेत. त्याआधी एक ते तीन दिवस कीटकांना कॅल्शियमयुक्त खाद्य देऊन त्यांचे पोट भरून ठेवणे हा दुसरा आधार आहे. बहुतेक लोक मीलवर्म नुसत्या कोंड्यात ठेवतात. कोंडा अळ्यांना मानवतो, पण त्यात फॉस्फरसच जास्त. पालकासारखी ऑक्झलेट असलेली पाने घातल्यानेही फारसे साधत नाही, कारण ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते.

उष्णतेबद्दल तुम्ही काही आकडा दिलेला नाही, आणि मला सर्वांत मोठी शंका तिथेच आहे. पचनासाठी गेकोला पोटाखाली ऊब लागते. उबदार बाजूच्या पृष्ठभागाचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूचे २४ ते २६ अंश असावे. थर्मोस्टॅटविना चालणारी मॅट कधी याच्या बरीच खाली राहते, तर कधी भाजण्याइतकी तापते. ऊब कमी पडली तर पोटात गेलेले अन्न आणि पावडर नीट पचत नाही. आजच प्रोब असलेला तापमापक लावून पाहा.

माणसांची गोळी कृपया देऊ नका. अशा एका गोळीत अनेकदा २५० ते ५०० आंतरराष्ट्रीय एकक डी-३ असते आणि तुमच्या प्राण्याचे वजन जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास असेल. कुटलेल्या गोळीची चिमूट किती भरली हे घरी ठरवता येत नाही. काही गोळ्यांमध्ये कॅल्शियम फॉस्फेट असते, म्हणजे जे नको तेच पुन्हा पोटात जाते. डी-३ शरीरात साठून राहते आणि अतिरेक झाला तर कॅल्शियम मूत्रपिंडांत व रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जमा होऊ लागते.

वाकलेल्या पायांबद्दल स्पष्टच सांगतो: उपचार लागू पडले तर हाडे पुन्हा कठीण होतात, पण ज्या आकारात असतील त्याच आकारात. वाढत्या वयात थोडीफार सुधारणा होते. तिच्या चालीत बाक राहिला तरी ती व्यवस्थित खाऊ-पिऊ शकेल आणि पुढची अनेक वर्षे जगू शकेल, एवढी आशा ठेवायला हरकत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. परवाची वेळ मिळाली आहे. फांद्या आणि दगड काढून टाकले आहेत. उबदार बाजूच्या लपणीत तापमापक २७ अंश दाखवतो आहे. थर्मोस्टॅट आणि जास्त क्षमतेची मॅट मागवली आहे. एक शंका राहिली. दुसऱ्या एका पाळणाऱ्याने तिला रोज अर्धा तास उन्हात ठेवण्याचा सल्ला दिला आहे. काचेतून येणारे ऊन पुरत नसेल, तर टेरेरियमच उचलून बाहेर ठेवावे का?

दुसरे उत्तर

काचेची टाकी उन्हात मुळीच ठेवू नका. बंदिस्त काचेत तापमान काही मिनिटांतच जीवघेणे होते आणि या मादीत पळून सावलीत जाण्याचेही बळ उरलेले नाही. शिवाय ज्या कारणासाठी ऊन द्यायचे तेच काचेतून पार होत नाही. त्वचेत डी-३ तयार होण्यासाठी साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात आणि खिडकीची साधी काच ते जवळपास सगळेच अडवते. आत येतो तो नुसता उजेड आणि उष्णता.

हे किरण त्वचेवर पडले की तिथल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलपासून आधी पूर्व-डी-३ बनते आणि शरीराच्या उबेने त्याचे डी-३ होते. ते पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून सक्रिय रूपात येते, आणि हे सक्रिय रूपच आतड्याला कॅल्शियम शोषायला लावते. पहिल्या उत्तरात ऊब आणि पचन यांचा संबंध आला आहे. उबेचे काम त्वचेतही आहे, हे त्याला जोडून लक्षात ठेवावे.

‘निशाचर आहे म्हणून यूव्हीबी नको’ हे विधान अर्धेच खरे आहे. लेपर्ड गेको मुख्यतः संधिप्रकाशात वावरतो आणि दिवसा कपारीत असला तरी अंगाचा एखादा भाग उजेडात येऊ देतो. रोज थोडा वेळ यूव्हीबी मिळालेल्या लेपर्ड गेकोंच्या रक्तातली ड जीवनसत्त्वाची पातळी वाढते, हे अभ्यासातून दिसले आहे. दुसरीकडे, केवळ आहारातल्या डी-३ वर पिढ्यान्‌पिढ्या निरोगी राहिलेले गेकोही पुष्कळ आहेत, त्यामुळे दिवा नाही म्हणून आजार झाला असे मी म्हणणार नाही. दिव्याचा मला पटणारा फायदा वेगळाच आहे. त्वचेत गरजेपेक्षा जास्त पूर्व-डी-३ बनू लागले की तोच प्रकाश त्याचे निष्क्रिय पदार्थांत रूपांतर करतो. पावडरीतून अतिरेक होऊ शकतो, प्रकाशातून तो होत नाही. आणि प्राण्याला हवे तेव्हा सावलीत जाता येते, ही आणखी एक सोय.

प्रकृती स्थिरावल्यावर दिवा लावायचा ठरला तर सावलीत राहणाऱ्या प्रजातींसाठी मिळणारी कमी तीव्रतेची नळी घ्या. ती टेरेरियमच्या फक्त एका भागावर प्रकाश टाकील अशी बसवा आणि प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर अतिनील निर्देशांक १ च्या आतच ठेवा. मधे जाळी असेल तर तिच्यामुळे बरेच किरण अडतात, हे अंतर ठरवताना धरावे लागते. दिवा डोळ्यांना प्रकाशमान दिसत असला तरी त्यातले यूव्हीबी वापरासोबत घटत जाते, त्यामुळे मीटर नसेल तर उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा वर्षभरात, नळी बदलावी. तुमची मादी अल्बिनो प्रकारातली असेल तर तिचे डोळे आणि त्वचा प्रकाशाला फार हळवी असते. तेव्हा तीव्रता आणखी कमी ठेवा. दिवा सुरू केल्यावर पावडरीतले डी-३ किती कमी करायचे हेही पशुवैद्यकाला विचारून घ्या.

तिसरे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण भेटीला जाण्यापूर्वी एक गोष्ट पाहून ठेवा. आठ महिन्यांची मादी नर नसतानाही अंडी धरू शकते. तिला पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहिले तर पोटाच्या दोन्ही बाजूंना पांढुरक्या लांबट आकृती दिसतात का? लेपर्ड गेकोच्या अंड्यांचे कवच चामड्यासारखे लवचीक असते, तरी अंडी तयार होताना आईच्या शरीरातले कॅल्शियम खर्ची पडतेच. आधीच तूट असलेल्या मादीत अंडी अडकून राहण्याचा धोका मोठा, कारण ती बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागते. अंडी असतील तर उपचारांचा क्रम बदलतो, म्हणून हे डॉक्टरांना आधीच सांगितलेले बरे.

प्रत्येक थरथर एमबीडीची नसते, हेही नोंदवून ठेवतो. एनिग्मा या रंगप्रकारातल्या लेपर्ड गेकोंमध्ये डोके एका बाजूला कलणे, गोलगोल फिरणे, भक्ष्यावर झडप घालताना तोल जाणे असे जन्मजात मज्जाविकार आढळतात. तिथे जबडा कठीणच असतो आणि कॅल्शियम देऊन काही फरक पडत नाही. सांधे सुजलेले आणि दुखरे असतील तर गाउटचाही (सांध्यांत युरिक आम्ल साचण्याचा आजार) विचार करावा लागतो. बोटांवर जुनी कात आवळून राहिली तरी प्राणी विचित्र चालतो, आणि ते तर भिंगातून घरीच पाहता येते.

पावडरीच्या वाटीबद्दल माझे मत थोडे कडक आहे. वाटीतून प्राणी किती चाटतो हे मोजता येत नाही, त्यामुळे वाटी ठेवायचीच असेल तर ती डी-३ नसलेल्या साध्या पावडरीची असावी आणि तिच्यावर विसंबून राहू नये. कॅल्शियमची वाळू म्हणून जी विकली जाते ती अंथरूच नका. कॅल्शियमची तूट असलेला गेको तळाची माती-वाळू चाटू लागतो, ती आतड्यात साचते, आणि आतड्याच्या हालचाली आधीच मंदावलेल्या असल्याने अडथळा होतो.

हा धागा वाचणाऱ्या क्रेस्टेड गेको पाळणाऱ्यांसाठी एक नोंद. त्या प्राण्यांच्या टाळूत कॅल्शियम साठवणाऱ्या दोन पांढऱ्या पिशव्या असतात आणि प्राण्याने तोंड उघडले की त्या दिसतात. त्या भरलेल्या असणे चांगले, पण तेवढ्यावरून हाडे ठणठणीत आहेत असा निष्कर्ष काढू नये. लेपर्ड गेकोच्या काखेत कधी कधी दिसणारे फुगवटे म्हणजे या पिशव्या नव्हेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

एक्स-रे झाला. पोटात अंडी नाहीत. जबड्याची आणि मांड्यांची हाडे इतकी फिकट आली आहेत की त्यांच्या कडा भोवतालच्या मांसापासून वेगळ्या ओळखणे कठीण जाते. डाव्या मांडीत एक जुनी, आपोआप जुळलेली चीरही सापडली. डॉक्टरांनी त्वचेखालून द्रव दिले, डी-३ चे एक इंजेक्शन दिले आणि घरी तोंडाने देण्यासाठी द्रवरूप कॅल्शियम लिहून दिले आहे. पुढच्या भेटीत कॅल्सिटोनिनचा विचार करू, पण आत्ता नको, असे ते म्हणाले. ते आत्ताच का देत नाहीत, हे मला विचारायचे राहून गेले. शिवाय ती अजून स्वतःहून काहीच खात नाही आणि तिने बरेच दिवस विष्ठाही टाकलेली नाही.

पहिल्या उत्तरकर्त्याचा प्रतिसाद

डॉक्टरांचा क्रम योग्यच आहे. कॅल्सिटोनिन हाडांतून कॅल्शियम बाहेर पडणे थांबवते. पण तुमच्या मादीचे रक्त सध्या त्याच उचलीवर तग धरून आहे. आतड्यातून पुरवठा सुरू होण्याआधी ती थांबवली तर रक्तातली पातळी एकदम खाली जाऊन झटके येऊ शकतात. म्हणून आधी तोंडाने कॅल्शियम आणि डी-३ देऊन रक्तातली पातळी सावरायची, ती सावरल्याची खात्री करायची, आणि मगच हे औषध द्यायचे किंवा नाही ते ठरवायचे. पुष्कळ प्राणी त्याविनाही सुधारतात.

औषध देताना जबडा उघडण्याचा प्रयत्न करू नका. सुई नसलेल्या लहान सिरिंजने वरच्या ओठाच्या कडेला एक थेंब ठेवा आणि ती जीभ बाहेर काढून चाटेपर्यंत थांबा. मगच पुढचा थेंब. वेळ लागतो, पण औषध श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहत नाही. खाण्यासाठी डॉक्टरांकडून कीटकभक्षी प्राण्यांचे पातळ करून देण्याजोगे तयार खाद्य मागून घ्या आणि तेही असेच चाटवा. नंतर नुकतीच कात टाकलेली पांढरी, मऊ मीलवर्म दोन तुकडे करून चिमट्याने ओठाजवळ धरा, कारण कठीण कवचाची अळी दाबण्याची ताकद तिच्या जबड्यात यायला अजून अवकाश आहे.

बद्धकोष्ठ हा याच आजाराचा भाग आहे. डॉक्टरांची हरकत नसेल तर साधारण ३० अंशांच्या, जेमतेम तिच्या कोपरापर्यंत येणाऱ्या पाण्यात तिला दहा-पंधरा मिनिटे बसवा, आणि त्या वेळेत तिच्याजवळून उठू नका. दर आठवड्याला ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर वजन घ्या आणि शेपटीच्या मुळाचा एकाच कोनातून फोटो काढत जा. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो, त्यामुळे अन्न अंगी लागते आहे की नाही हे वजनाच्या जोडीने तिथेच कळते.

चाल लवकर सुधारली तरी औषध मध्येच बंद करू नका. थरथर थांबायला काही दिवस किंवा आठवडे पुरतात. हाडे भरून यायला कित्येक महिने लागतात, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढून तुलना करावी लागेल. फांद्या आणि दगड त्या एक्स-रेनंतरच परत ठेवा. दरम्यान पाय ताठ होऊन झटके आले, गुदद्वारातून लालसर ऊतक बाहेर आले किंवा एखादा पाय अचानक लुळा पडून लोंबू लागला, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे न्या. बाहेर आलेले ऊतक वाटेत सुकू नये म्हणून डब्यात ओला टिश्यू पेपर ठेवा.